ओळींचे टिपण आणि विचारांचा नकाशा



शाळाभेटीच्या वेळी मुलांच्या वह्या पाहिल्या म्हणजे बहुधा समाधान वाटते. अक्षर वळणदार असते, शीर्षके अधोरेखित केलेली असतात, प्रश्नोत्तरे बिनचूक असतात. परंतु तीच वही मिटून मुलाला, "उन्हाळ्यात विहीर का आटते, सांग बरे," असे विचारले की पुष्कळ मुले पुन्हा वहीकडे पाहू लागतात. उत्तर वहीत असते. ते मुलाजवळ आलेले नसते. फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत असा त्या मजकुराचा प्रवास होतो, आणि वाटेत मुलाचे डोके लागतेच असे नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून अलीकडे प्रशिक्षण वर्गांतून 'माइंड मॅप'चे नाव पुष्कळ ऐकू येते. काही शिक्षकांना तो सर्व दुखण्यांवरचा रामबाण उपाय वाटतो, तर काहींना रंगीत खडूंचा खेळ वाटतो. म्हणून ओळीत लिहिलेले पारंपरिक टिपण आणि हा नवा नकाशा यांची तुलना करून, आपल्या वर्गात कोणत्या पाठाला काय वापरावे आणि कसे वापरावे, याचा विचार या लेखात केला आहे. 'माइंड मॅप' या शब्दासाठी येथे 'विचार-नकाशा' असा शब्द योजला आहे.

१. टिपण म्हणजे काय?

टिपणे या क्रियापदाचा अर्थच निवडून उचलणे असा आहे. पाखरू दाणे टिपते, तेव्हा ते माती सोडते आणि दाणा घेते. ऐकलेल्या वा वाचलेल्या मजकुरातून मुख्य गोष्टी निवडून, आपल्या शब्दांत, क्रमाने लिहून ठेवणे हे खरे टिपण होय. फळ्यावरचा सर्व मजकूर जसाच्या तसा उतरवणे ही नक्कल होय. तिचा उपयोग अक्षर सुधारण्यास व शुद्धलेखनास होतो, परंतु तिला टिपण म्हणता येणार नाही. आपल्या वर्गांत टिपणाच्या नावाखाली बहुतेक वेळा नक्कलच चालते, आणि तिचे दोष मात्र टिपणाच्या पदरात पडतात.

ओळीत लिहिलेल्या टिपणाचे गुण मोठे आहेत. त्यात क्रम टिकतो, शब्द नेमके राहतात, आणि महिन्याने उघडले तरी ते वाचता येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे अध्यापक वॉल्टर पॉक यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासविषयक पुस्तकामुळे टिपणाची एक सोपी पद्धत जगभर गेली. पानाच्या डाव्या बाजूस एक अरुंद रकाना सोडावयाचा, उजवीकडे टिपण लिहावयाचे, नंतर डाव्या रकान्यात त्यावरचे प्रश्न वा सूचक शब्द लिहावयाचे, आणि पानाच्या तळाशी दोन ओळींत सारांश द्यावयाचा. पुढे उजली बाजू हाताने झाकून, डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे आठवून द्यावयाची. पाचवीपासून पुढील मुलांना ही पद्धत सहज शिकवता येते. तिच्यासाठी वहीत समास आखण्यापलीकडे काही लागत नाही.

२. विचार-नकाशा म्हणजे काय?

पानाच्या मध्यभागी विषय लिहून त्यापासून फांद्या काढाव्यात, प्रत्येक फांदीवर एकदोन शब्दांत एक मुद्दा लिहावा, आणि तिला पुन्हा लहान फांद्या फोडाव्यात. चित्रे व रंग लागतील तसे वापरावेत. याला विचार-नकाशा म्हणतात. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७४ साली बी.बी.सी.वरील मालिकेतून व त्याच सुमाराच्या पुस्तकातून या पद्धतीचा प्रसार केला. त्यापूर्वी थोडेच दिवस, १९७२ च्या सुमारास, कॉर्नेल विद्यापीठातच जोसेफ नोव्हाक व त्यांचे सहकारी यांनी संकल्पना-चित्राची पद्धत बसवली होती. त्यात फांद्यांऐवजी चौकटी असतात, आणि दोन चौकटी जोडणाऱ्या रेघेवर 'मुळे होते', 'पासून मिळते', 'चा प्रकार आहे' असे जोडशब्द लिहितात. नोव्हाक यांचा हेतू ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लहान मुलांच्या विज्ञानविषयक समजुतीत वर्षानुवर्षे कसा फरक पडत जातो, हे संशोधकांना एका दृष्टिक्षेपात दिसावे, म्हणून त्यांनी ही चित्रे काढली. मुलाच्या मनात काय चालले आहे ते शिक्षकाला दिसणे, हे त्यांचे मूळ काम होते.

आपल्या शिक्षकांना ही कल्पना अगदी परकी नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात आपण फरशीवर शब्दचक्र आखतो. मध्ये एक शब्द व भोवती त्याच्याशी नाते असणारे शब्द मुले लिहितात. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांत शिक्षण विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली फरशीवर आखलेल्या अशा साधनांचा वापर झाला. ते काम पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २०१५ साली सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात तशी आखणी गावोगावच्या शाळांत पोहोचली. विचार-नकाशा हे या शब्दचक्राचेच मोठे भावंड आहे. पुढे दहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असा प्रश्नच येतो. तेव्हा चौथी-पाचवीत या रीतीची सवय झाली, तर ती मुलाला पुढेही उपयोगी पडते.

३. सातबारा आणि गावनकाशा

या दोहोंतील भेद समजण्यास एक घरचा दाखला घेऊ. शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते आणि तीच जमीन गावनकाशावरही असते. मालक कोण, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा आहे काय, हे सातबारा सांगतो. परंतु शेताला वाट कोठून, शेजारचा बांध कोणाच्या गटाचा, ओढा कोणत्या बाजूने वाहतो, हे पाहावयाचे तर नकाशाच उघडावा लागतो. सातबारा चांगला की नकाशा चांगला, असा वाद कोणी घालत नाही. प्रश्न काय आहे ते पाहून कागद काढतात. भूमी अभिलेख खात्यात तर मोजणीच्या मूळ आराखड्यालाच 'टिपण' म्हणतात. म्हणजे टिपण रेघांचेही असू शकते, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे.

हाच विवेक पाठाच्या बाबतीत करावा. ज्या पाठात क्रम, तारीख, नेमके शब्द वा कृतीच्या पायऱ्या महत्त्वाच्या असतील, तेथे ओळींचे टिपण घ्यावे. ज्या पाठात अनेक गोष्टींचे एकमेकींशी नाते महत्त्वाचे असेल, तेथे नकाशा काढावा.

आपल्या तालुक्याचीच गोष्ट पाहा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद संस्थानातील जनता निजामाच्या राज्यातच राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. अहमदपूर तालुका त्या काळी बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा होऊन आपला तालुका त्यात आला. ही साखळी आहे. ती फांद्यांवर पसरली तर कशानंतर काय झाले, हेच हरवेल. येथे तारखांचा रकाना आणि त्यासमोर एकेक ओळ, हेच योग्य. परंतु त्याच पाठात "लोक का लढले?" असा प्रश्न घेतला, तर सभा व वृत्तपत्रे यांवरील बंधने, मातृभाषेतील शिक्षणाची उपेक्षा, रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थ यांचे नेतृत्व, या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. तेथे नकाशा शोभतो. एकाच पाठाला दोन्ही लागतात ते असे.

कविता, पाढे, व्याख्या आणि प्रयोगाची कृती यांसाठी मात्र नकाशाचा हट्ट धरू नये.

४. एक नमुना पाठ : आपल्या गावचे पाणी

इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासात पाण्याचा विषय येतो. त्यावर दोन तासिकांत पुढीलप्रमाणे काम करता येईल.

पहिल्या तासिकेत नेहमीप्रमाणे वाचन व चर्चा घ्यावी. शक्य असल्यास मुलांना जवळची विहीर, हातपंप किंवा पाझर तलाव दाखवून आणावा. तासिकेच्या शेवटी पुस्तके दप्तरात ठेवण्यास सांगावे.

दुसऱ्या तासिकेत चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने फरशीवर मध्यभागी 'आपल्या गावचे पाणी' असे लिहावे. पुस्तक न उघडता, आठवेल ते मुलांनी बोलावे व एकाने लिहावे. मुख्य फांद्या चारपाचच असाव्यात. मनुष्याच्या मनाला एका वेळी थोड्याच गोष्टी धरता येतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता, पुढील संशोधनाने तो चारपर्यंत खाली आणला. 'कोठून येते', 'कोठे जाते', 'का आटते' आणि 'काय करता येईल' अशा चार फांद्या मुलांच्या बोलण्यातूनच निघतात. पहिलीवर पाऊस, विहीर, बोअर, तलाव, टँकर येतील. दुसरीवर पिणे, धुणे, जनावरे, शेती, वाहून जाणे. तिसरीवर उपसा, ऊन, खालचा काळा कातळ. चौथीवर शोषखड्डा, बांध, झाडे, गाळ काढणे.

एवढ्यावर थांबल्यास ती केवळ फांद्यांवर टांगलेली यादी होईल. खरा पाठ यापुढे आहे. गटाला सांगावे, "आता एका फांदीवरची गोष्ट दुसऱ्या फांदीवरच्या गोष्टीला जोडा, आणि का जोडली ते रेघेवर लिहा." 'वाहून जाणे' आणि 'बांध' यांत रेघ निघेल व तिच्यावर 'अडवतो' असा शब्द येईल. 'बांध' आणि 'विहीर' यांत 'मुरवून भरतो' असे येईल. 'उपसा' आणि 'टँकर' यांनाही एखादा गट जोडील. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट गुरुजींनी वा बाईंनी या ठिकाणी सांगावी, म्हणजे त्या रेघेचे मोल मुलांना कळेल.

शिक्षकाने या वेळी फिरत राहून पाहावे. जी रेघ मुलांनी काढली नाही, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, एका गटाने 'पाऊस' आणि 'बोअर' यांत काहीच जोडले नाही. याचा अर्थ, बोअरचे पाणी जमिनीत मुळातच असते, त्याचा पावसाशी संबंध नाही, अशी त्या मुलांची समजूत असण्याचा संभव आहे. ही समजूत गावातील थोरांतही आढळते आणि तिच्यापायी बोअरवर बोअर घेतले जातात. प्रश्नोत्तरांच्या वहीत ती कधीच दिसली नसती, कारण तेथे फळ्यावरचे बरोबर उत्तर उतरलेले असते. येथे ती उघडी पडते, आणि जे दिसले ते दुरुस्त करता येते.

शेवटी पुस्तक उघडून मुलांनी आपला नकाशा ताडून पाहावा. राहिलेले मुद्दे वेगळ्या रंगाच्या खडूने भरावेत. मग प्रत्येक मुलाने त्या नकाशावरून वहीत पाच-सहा वाक्यांचे टिपण स्वतः लिहावे. नकाशाकडून टिपणाकडे येण्याची ही पायरी वगळू नये. नुसते शब्द जोडता येणे आणि पूर्ण वाक्यात कारण सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी साधल्याशिवाय भाषा वाढत नाही.

५. संशोधन काय सांगते?

२००६ साली नेस्बिट व अदेसोपे या संशोधकांनी त्यापूर्वीच्या ५५ अभ्यासांचा एकत्र विचार केला. केवळ मजकूर वाचणे, व्याख्यान ऐकणे यांपेक्षा संकल्पना-चित्राने अधिक लक्षात राहते असे त्यांना दिसले. परंतु विद्यार्थी स्वतः सारांश किंवा मुद्द्यांचा आराखडा लिहीत असतील, तर चित्राचा अधिक लाभ थोडाच उरला.

पुढे २०११ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्पिक व ब्लंट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पना-चित्र काढले. दुसऱ्या गटाने उतारा वाचून बाजूला ठेवला व आठवेल ते लिहिले. एका आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत दुसरा गट पुढे होता. त्याच दोघांनी २०१४ साली आणखी पाहिले, की उतारा बाजूला ठेवून आठवणीने चित्र काढले काय किंवा आठवणीने परिच्छेद लिहिला काय, दोन्हींचा लाभ जवळजवळ सारखाच होतो.

हे प्रयोग मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, म्हणून ते आपल्या चौथीच्या वर्गास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी त्यांतील तात्पर्य आपल्या अनुभवाशी जुळते. ओळ की फांदी, यापेक्षा पुस्तक उघडे की मिटलेले, हा प्रश्न मोठा आहे. पुस्तक मिटून, आठवून, स्वतःच्या शब्दांत जे मांडले जाते, ते मुलाचे होते. पुस्तकातून वा फळ्यावरून उतरवलेला नकाशा हीही शेवटी नक्कलच होय, मग तो कितीही रंगीत असो.

६. टाळावयाचे दोष

नकाशाच्या बाबतीत पुढील दोष विशेषेकरून आढळतात. शिक्षक स्वतः फळ्यावर सुबक नकाशा काढतात व मुले तो उतरवून घेतात. यात विचाराचे सर्व श्रम शिक्षकाचे झाले. फांदीवर पूर्ण वाक्ये लिहिली जातात, त्यामुळे पान गर्दीने भरते व नाते दिसत नाही. रंगरंगोटीत तासिका संपते आणि चर्चेला वेळ उरत नाही. एकच नकाशा भिंतीवर वर्षभर लटकतो. आणि पाहुणे येणार म्हणून चार्टपेपरवर नकाशे तयार होतात.

साधनांचा खर्चही आवश्यक नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंनाच शिक्षणाचे साधन केले. आपणही फरशी, खडू, चिंचोके, काड्या, जुन्या वह्यांची कोरी पाने एवढ्यावर हे काम करू शकतो. लिहिता न येणाऱ्या मुलाने शब्दाऐवजी चित्र काढले तरी चालेल. वाचनात मागे असलेले मूल गटात तोंडी मुद्दा सांगते व तो फरशीवर लिहिला गेलेला पाहते, हा त्याच्या दृष्टीने मोठाच लाभ होय.

टिपणाच्या बाबतीतही दक्षता हवी. मार्गदर्शकातील उत्तर उतरवून घेण्यास टिपण म्हणू नये. आठवड्यातून एकदा तरी मुलांनी पाठ ऐकून, पुस्तक मिटून, तीन ओळींत 'आज मला काय समजले' ते लिहावे. वाक्य अशुद्ध असले तरी ते त्याचे स्वतःचे आहे, हे ध्यानात ठेवून तपासावे.

७. द्विशिक्षकी शाळा आणि स्थलांतरित मुले

आपल्या बहुतेक वाडी-तांड्यांवरील शाळा द्विशिक्षकी आहेत. एका वर्गाला शिकवीत असता दुसऱ्या वर्गाला काय काम द्यावे, ही रोजचीच अडचण. 'पान क्रमांक अमुक उतरवून काढा' या कामाऐवजी 'काल शिकलेल्या पाठाचा नकाशा पुस्तक न पाहता काढा' हे काम द्यावे. वीस मिनिटे मुले स्वतः गुंततात, आणि नंतर तपासण्यास एक नजर पुरते. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीसाठीही याचा चांगला आधार होतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा आहे. दिवाळीच्या सुमारास काही मुले आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. परत आल्यावर वर्गमित्राची वही देऊन 'एवढे उतरवून घे' असे सांगितले जाते. चार महिन्यांचा अभ्यास चार दिवसांत उतरतो. समजत काहीच नाही. पुढे तेच मूल शाळेपासून तुटते. अशा मुलाशेजारी एक वर्गमित्र बसवावा. वर्गमित्राने पाठाचा नकाशा काढीत काढीत तो तोंडी समजावून सांगावा, आणि परतलेल्या मुलाने शेवटी आपली एक फांदी जोडावी. पाण्याच्या पाठात तर त्याच्याजवळ वर्गाला सांगण्यासारखे पुष्कळ असते. कालव्याखालचा प्रदेश आणि तेथील ऊस त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. सांगणाऱ्याची उजळणी होते, ऐकणाऱ्याला पाठाचे एकंदर रूप कळते, आणि आपणही वर्गात काही भर घातली, असे त्याला वाटते.

८. विनंती

प्रत्येक शिक्षकाने येत्या महिन्यात दोन पाठ निवडावेत. एका पाठाला ओळींचे टिपण व दुसऱ्याला विचार-नकाशा वापरावा. दोन्हींच्या वेळी पुस्तक मिटलेले असावे. पाठानंतर आठ दिवसांनी, पूर्वसूचना न देता, मुलांना त्या दोन्ही पाठांवर प्रत्येकी पाच तोंडी प्रश्न विचारावेत व त्यांच्या उत्तरांची नोंद आपल्या टाचणवहीत ठेवावी. ती नोंद केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणावी. कोणत्या पाठाला काय साधले, कोठे अडले, हे एकमेकांस सांगावे. आपल्या मुलांसाठी काय योग्य हे अखेर आपल्याच वर्गांतून ठरावयाचे आहे.